एलिसब्रिज : कमान वर, ताण खाली

पुलाला नाव असतं. नाव साहेबाचं असतं, नाहीतर स्वामीचं, नाहीतर पुढाऱ्याचं. पुलाखाली रेतीत उभं राहून ज्यांनी खांब उभे केले त्यांचं नाव पुलाला दिल्याचं मी अजून कुठं ऐकलं नाही. अहमदाबादचा एलिसब्रिज घ्या. साबरमतीवरचा जुना लोखंडी पूल. त्याचा इतिहास वाचायला घेतला की दोन नावं लगेच हाताला लागतात. तिसरं नाव शोधायला गेलं की सगळा कागद कोरा.

मी कविता लिहितो, पोट सूतगिरणीवर. इतिहास लिहायला कॉलेजचा शिक्का लागतो असं काही शहाणे म्हणतात. लागत असेल. पण लोखंड, ताण आणि झीज या तीन गोष्टी रोज बारा तास हाताखालून जातात, तेवढ्या शिक्क्यावर मी हे लिहितोय.

आधी साहेब. बॅरो हेल्बर्ट एलिस, जन्म १८२३, मृत्यू १८८७. मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी. आपल्या रत्नागिरीतही त्यानं नोकरीची सुरुवातीची वर्षं काढली. मग सिंधमध्ये गेला, तिथं सिंधी भाषेच्या लिपीच्या कामात त्याचा हात होता. पुढं इलाख्याच्या उत्तर विभागाचा कमिशनर, शेवटी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात. म्हणजे मोठं माणूस. साहेब गेला, राज्य गेलं, नाव राहिलं. नुसत्या पुलाला नाही, पुलापलीकडच्या सगळ्या वस्तीला. आजही अहमदाबादचा माणूस 'एलिसब्रिजला राहतो' असं म्हणतो, आणि ते म्हणताना त्याची मान थोडी ताठ होते. ती का ताठ होते ते पुढं सांगतो.

पहिला पूल १८७०-७१ साली झाला. खर्च सुमारे साडेपाच लाख रुपये. १८७५ च्या पुरानं तो नेला, दोन्ही टोकांचे थोडे गाळे तेवढे राहिले. साबरमती तशी आठ महिने रेतीची नदी. बाया रेतीत खड्डे करून पाणी भरायच्या, धोबी, रंगारी काठाला काम करायचे. पण पाऊस आला की तीच नदी माणसं ओळखत नाही. नवा पूल उभा राहीपर्यंत सतरा वर्षं गेली.

या सतरा वर्षांत शहर बदललं. १८६१ साली रणछोडलाल छोटालाल यांनी अहमदाबादेत पहिली कापडगिरणी चालू केली होती. १८६४ ला मुंबईहून रेल्वे आली. मग एकामागून एक चिमण्या उठल्या. गावोगावचे विणकर हातमाग मोडून गिरणीच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यात आपल्यासारखे फार होते. गुजरातेतले वणकर म्हणजे पिढ्यान् पिढ्या विणणारी अस्पृश्य जात. हातात अख्खी कला, अंगावर अख्खी शिवाशिव.

१८९२ साली आजचा लोखंडी पूल उभा राहिला. इंजिनियर हिम्मतलाल धीरजराम भचेच. पोलाद बर्मिंगहॅमहून बोटीनं आलेलं. अंदाजपत्रक पाच लाखांचं होतं, काम झालं चार लाख सात हजारांत. म्हणजे वाहून गेलेल्या पुलापेक्षाही स्वस्तात. आता एवढे पैसे वाचवले तर शाबासकी मिळायला पाहिजे. पण सरकारला वास आला! काळ्या माणसानं पैसे वाचवले म्हणजे माल हलका वापरला असणार. चौकशी बसली. समितीनं पूल तपासला आणि सांगितलं, काम उत्तम आहे. मग साहेबानं लाजेकाजेनं भचेचांना 'रावसाहेब' केलं.

ही गोष्ट अहमदाबादेत मोठ्या अभिमानानं सांगतात. मलाही आवडते. पण ती ऐकताना मला गिरणीचं गेट आठवतं. पाळी सुटली की आमची झडती होते. डब्याचं झाकण उघडून दाखवायचं, हात वर करायचे. अकरा महिन्यांत माझ्या डब्यात सुताची एक कांडी सापडली नाही, म्हणून मला कुणी रावसाहेब केलं नाही. भचेचांवर एकदा संशय आला, एकदा चौकशी झाली, एकदा निर्दोष ठरले. आमच्यावरचा संशय रोज सकाळी सात वाजता नव्यानं चालू होतो.

आता पुलाच्या रचनेकडं येतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

या पुलाखाली पूर्वेच्या काठाला रविवारी गुजरी बाजार भरायचा. तोच रविवारी बाजार. जुनं लोखंड, पाने, पकडी, कपडे, कोंबड्या, पुस्तकं. विकणारे बरेचसे मुसलमान आणि दलित. तिथनं मी वीस रुपयांना आयटीआयच्या फिटरचं एक फाटकं पुस्तक घेतलं. गुजराती अक्षराला वरची रेघ नसते, म्हणून पहिले पंधरा दिवस प्रत्येक शब्द उघडा-बोडका वाटायचा. त्या पुस्तकातून मी कैची शिकलो. कैची म्हणजे लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून केलेला सांगाडा. त्रिकोण कसाही दाबा, आकार सोडत नाही. चौकोन दाबला की तिरका होतो. एवढ्या साध्या गोष्टीवर जगातले लोखंडी पूल उभे आहेत.

एलिसब्रिजचे चौदा गाळे आहेत. एकेक गाळा सुमारे एकतीस मीटरचा, सगळा पूल ४३३ मीटरच्या आसपास. प्रत्येक गाळ्याच्या दोन्ही अंगांना धनुष्यासारखी कमान. लांबून पाहिलं की चौदा धनुष्यं ओळीनं मांडल्यासारखी दिसतात. फोटोत हीच कमान येते. दिवाळीच्या भेटकार्डावर, महापालिकेच्या माहितीपत्रकावर, सिनेमात, सगळीकडं कमान. लोक कमानीखाली लग्नाआधीचे फोटो काढतात.

पण धनुष्य ताठ कशानं राहतं? दोरीनं. दोरी सोडा, धनुष्य काठी होतं. या पुलातही तसंच. रस्त्याचा आणि गाड्यांचा भार उभ्या पट्ट्यांवरून कमानीवर चढतो. कमान दबते. दबली की तिचे दोन्ही पाय बाहेर पळायला बघतात. त्यांना धरून ठेवते ती खालची आडवी पट्टी, पुलाच्या तळाशी, रस्त्याच्या बरोबरीनं पडलेली. कमानीवर दाब असतो, या पट्टीवर ताण. रात्रंदिवस दोन्ही बाजूंनी ओढली जाते. वरून गाडी गेली की ओढ वाढते, गाडी गेली की थोडी कमी होते, संपत कधीच नाही. आणि ती कुणाच्या फोटोत येत नाही.

आणखी एक. पुलावरची धूळ, पावसाचं पाणी, पानाच्या पिचकाऱ्या, पक्ष्यांची घाण, सगळं खाली येतं आणि या पट्टीच्या खाचांत, सांध्यांत साचतं. वरची कमान पावसानं धुतली जाते, उन्हात वाळते. खालच्या पट्टीला ऊन लागत नाही. म्हणून गंज पहिल्यांदा तिलाच धरतो. एलिसब्रिजचंही तेच झालं. तपासणीत निघालं काय, तर खालचे गर्डर आणि खालचे सांधे गंजून खराब झालेत. कमान अजून झोकात उभी!

मी या पट्टीला काही उपमा देत नाही. वाचणाऱ्याला घरचं माहीत आहे.

रिव्हेटांबद्दल थोडं लिहितो, कारण ते माझ्या आवडीचं आहे. त्या काळच्या पुलांत वेल्डिंग नाही. पट्ट्यांना भोकं पाडायची, भोकावर भोक जुळवायचं, आणि लालभडक तापवलेला रिव्हेट त्यात घालायचा. एक जण भट्टीवर, तो चिमट्यानं रिव्हेट उचलून फेकणार. दुसरा डब्यात झेलणार, भोकात बसवणार. तिसरा मागून जड लोखंड लावून दाबून धरणार. चौथा पुढून घण मारून दुसरं डोकं बसवणार. हे सगळं लोखंड लाल आहे तोवर. थंड होताना रिव्हेट आखडतो आणि दोन्ही पट्ट्यांना आवळून धरतो. एकेका पुलात असे हजारो रिव्हेट. फेकलेला रिव्हेट झेलता आला नाही तर तो खाली जाणार, खाली कुणी असेल तर त्याच्या अंगावर. एलिसब्रिजवर हे काम करणारे कोण होते, कुठल्या वाड्यातले, कुणाचे हात भाजले, कोण रेतीत पडलं, याची नोंद मला कुठं मिळाली नाही. किती पैसे वाचले ती नोंद मात्र रुपयापर्यंत आहे. चार लाख सात हजार पाचशे चौसष्ट.

आता मान ताठ होण्याची गोष्ट.

पूल झाला तेव्हा पश्चिमेच्या काठाला शेतं होती, कोचरबसारखी गावं होती. शहर, कोट, गिरण्या, चाळी सगळं पूर्वेला. पुलामुळं पैसेवाल्याला मोकळी हवा सापडली. शेठ, वकील, डॉक्टर पलीकडं गेले. बंगले झाले, मग सोसायट्या झाल्या. अहमदाबादची सोसायटी म्हणजे काय ते खोली शोधायला गेल्यावर कळतं. ही ब्राह्मणांची, ती पाटीदारांची, ही जैनांची. जाती पुलावरून चालत गेल्या आणि पलीकडं जाऊन त्यांनी पुन्हा कुंपणं घातली. गिरणीवाला पूर्वेलाच राहिला. गोमतीपूर, सरसपूर, रखियाल, असारवा. लोखंडाला जात नव्हती, पण लोखंडावरून पलीकडं कोण जाऊन राहील हे जातीनंच ठरवलं.

मी स्वतः मागच्या वर्षी पलीकडं एक खोली पाहायला गेलो होतो. भाडं जमलं, डिपॉझिट जमलं. मालकीणबाई चांगल्या बोलल्या, पाणी दिलं. मग विचारलं, "भाई, अटक शुं?" अटक म्हणजे आडनाव. मी सांगितलं. खोली त्याच क्षणी त्यांच्या भाच्याला दिलेली निघाली. मी पुलावरून चालत परत आलो.

पण पलीकडं गेलेलं आपलं एक घर इतिहासात आहे. मे १९१५ मध्ये गांधींनी कोचरबला एका बंगल्यात आश्रम चालू केला. काही महिन्यांतच तिथं दुदाभाई, त्यांची बायको दानीबहेन आणि लहानगी लक्ष्मी राहायला आले. दुदाभाई मुंबईत शिक्षक होते. अस्पृश्य. रेल्वे स्टेशन पूर्वेला, कोचरब पश्चिमेला आणि शहरातून पलीकडं जायचा रस्ता तेव्हा या पुलाचा. म्हणजे बहुधा हेच लोखंड त्यांच्या पायाखालून गेलं. पुलानं त्यांना अटक विचारली नाही.

विचारली ती विहिरीनं. विहिरीच्या मोटेवरचा माणूस ओरडू लागला, तुमच्या बादलीचे थेंब अंगावर पडले तर मी बाटतो. दुदाभाईंना शिव्या, त्रास. आश्रमातल्या काही बायकांनाही दानीबहेन नकोशा होत्या. देणगीदारांनी हात आखडले. पैसे संपत आले, तेव्हा गांधींनी ठरवलं की अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन राहू. एवढ्यात एक शेठ मोटारीतून आले, तेरा हजारांच्या नोटा देऊन गेले. गांधींनी आत्मकथेत शेठचं नाव दिलेलं नाही. लोक सांगतात ते गिरणीमालक अंबालाल साराभाई.

ही गोष्ट नेहमी गांधींच्या धैर्याची म्हणून सांगतात, शेठच्या दानाची म्हणून सांगतात. मी उलटी वाचतो. एकट्या नवराबायकोनं कडेवर पोर घेऊन अशा घरात राहायला जायचं, जिथं पाण्याच्या प्रत्येक थेंबावर भांडण, जिथं आपल्यापायी सगळ्यांची चूल बंद पडेल हे रोज दिसतंय, आणि तरी राहायचं. शिव्या सोसा असं गांधींनी सांगितलं. सोसणारे दुदाभाई होते. ताण खालच्या पट्टीवर.

त्याच वेळी पूर्वेला गिरण्यांत काय चाललं होतं? विणकर जातीचा माणूस गिरणीत आला, पण त्याला विणखात्यात घेत नसत. कारण धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. धोटा एकाच्या ओठाचा दुसऱ्याच्या ओठाला. म्हणून आपल्या माणसाला थ्रॉसल खातं, म्हणजे सूतकताईचं. पगार कमी, धूळ जास्त. मुंबईतही हेच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक टाकला, की विणखात्याचं दार अस्पृश्यांना उघडणार की नाही ते बोला. अहमदाबादेत १९२० साली मजूर महाजन झालं, त्यात थ्रॉसल खात्याची युनियन मोठ्या प्रमाणात आपल्याच माणसांची. ज्यांच्या बापजाद्यांनी गुजरातला कापड नेसवलं ते कापडाच्या यंत्रापासून दूर. मी आज रिंगफ्रेमवर आहे. आता धोटाच राहिला नाही, हवेनं सूत फेकणारे माग आले. तरी आमच्याकडं कोण कुठल्या खात्यात आहे ते एकदा आडनावं लावून बघा.

पुढचं भराभर सांगतो. गिरण्या गेल्या. मुंबईत १८ जानेवारी १९८२ चा संप, आणि अहमदाबादेत ऐंशी-नव्वदच्या दशकांत एकामागून एक टाळं. एलिसब्रिजवरून गाड्या वाढल्या, लोखंड थकलं. १९९७ मध्ये पूल वाहनांना बंद झाला. १९९९ ला त्याच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे दोन नवे पूल झाले, त्यांना नाव स्वामी विवेकानंद. नाव कागदावर राहिलं, लोक एलिसब्रिजच म्हणतात. जुना पूल मधोमध म्हाताऱ्यासारखा उभा, दोन्ही बाजूंना तरुण पोरं. मध्यंतरी तो पाडायचीही गोष्ट निघाली होती. शहरातल्या लोकांनी विरोध केला, पूल वाचला. २०१७ मध्ये जुनं अहमदाबाद जागतिक वारसा झालं. २०२४ मध्ये राज्य सरकारनं पुलाच्या दुरुस्तीसाठी बत्तीस कोटींच्या वर मंजूर केले.

पूल वाचला याचा मला आनंद आहे, खोटं कशाला बोलू. पण त्याच काठावर रिव्हरफ्रंट करताना हजारो झोपडी-कुटुंबं उठवली, लांब शहराच्या कडेला नेऊन टाकली. त्यांच्या बाजूनं कोर्टात जावं लागलं. गुजरी बाजारालाही जागेसाठी झगडावं लागलं, २०१४ मध्ये त्याला नदीकाठी बांधलेली नवी जागा मिळाली. लोखंडाच्या वारशासाठी जेवढी पत्रं वर्तमानपत्रात आली, तेवढी माणसांसाठी आली असती तर बरं झालं असतं.

आता दुरुस्तीबद्दल जे म्हणायचं आहे ते. दुरुस्ती दोन जातींची असते. एक वरची, एक खालची. वरची म्हणजे रंग, दिवे, फरशी, उद्घाटन. मोरबीला काय झालं? मच्छू नदीवरचा एकोणिसाव्या शतकातला झुलता पूल. दुरुस्तीसाठी बंद ठेवला, नवी चकचकीत फरशी घातली, २६ ऑक्टोबर २०२२ ला उघडला. ३० ऑक्टोबरला तुटला. १३५ माणसं गेली, त्यात किती लेकरं. चौकशीत निघालं, एका मुख्य दोरखंडातल्या ४९ तारांपैकी २२ आधीपासूनच गंजलेल्या होत्या. फरशी बदलली, दोर तोच. आपल्या पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ ला रविवारच्या गर्दीत कोसळला, चार जण गेले. लोखंड ओरडत नाही. सूत तुटायच्या आधी निदान फ्रेमवर थरथरतं, आम्हाला दिसतं. लोखंडाला खाली वाकून, हातानं खरवडून बघावं लागतं.

एलिसब्रिजच्या कामात खालचे गर्डर बदलायचं ठरलं आहे, खांबांना मजबुती द्यायची, तळ नवा करायचा. ही खालची दुरुस्ती, म्हणून मला ती पटते. पण ती अवघड आहे. दोरी बदलायची तर धनुष्य तोवर कोण धरणार? खालची पट्टी सरळ कापली तर कमानीचे पाय फाकतील आणि सगळा गाळा बसेल. म्हणून आधी खालून आधार द्यायचा, नाहीतर तात्पुरती दुसरी पट्टी लावून ताण तिच्यावर घ्यायचा. मग जुना तुकडा काढायचा, नवा घालायचा, मग हळूहळू ताण नव्यावर सोडायचा. घाई केली की संपलं. आणि हे एका गाळ्याचं, असे चौदा.

रिव्हेट मारणारे गडी आता शोधून सापडत नाहीत. नव्या जोडांना बहुतेक ठिकाणी बोल्ट लावतात. माझं म्हणणं, जिथं जुना रिव्हेट अजून घट्ट आहे तिथं तो ठेवावा. त्याचं डोकं नीट बघितलं तर घणाचा घाव थोडा तिरका बसलेला कुठं कुठं दिसतो. ज्याचं नाव कुणी लिहिलं नाही त्याची तेवढीच सही.

आणि हे दुरुस्तीचं काम करणार कोण? कुठल्याही मोठ्या पुलावर जा, पाळण्यात बसून गंज खरवडणारे दाहोद-झाबुआकडचे आदिवासी, बिहार-ओरिसाची पोरं, आपल्या खानदेशातले, ठेकेदाराच्या हजेरीवर. गंजाची धूळ नाकातोंडात, जुन्या रंगात शिसं असतं ते वेगळंच. तोंडाला फडकं, हातात तारेचा ब्रश. त्यांना मास्क, पट्टा, आणि खाली जाळी मिळते का, एवढं बघायला वारसावाल्यांनी एखादी रविवारची फेरी पुलाखालून काढावी.

पाटी लागणारच आहे. तिच्यावर मंत्री असतील, महापौर असतील, ठेकेदारही असेल. तिच्या शेजारी दुसरी एक पाटी लावा, हजेरीपटावरून उतरवून घेतलेल्या नावांची. गाव, तालुका, काम. अटक लिहायची गरज नाही. जागा नसेल तर पुलाच्या खालच्या अंगाला, त्या पट्टीवरच लावा.